टाकून दिलेले थर



आपल्या मंडळातल्या साठीपुढच्या सभासदांपैकी बरेचजण एव्हाना एकदा तरी एमआरआयच्या बोगद्यात पडून आले असतील. फराळाला जमलो की निम्म्या गप्पा गुडघ्यांच्या आणि मणक्यांच्याच असतात. त्या यंत्राच्या पोटात निओबियम-टायटॅनियम या मिश्रधातूची कित्येक किलोमीटर लांब तार गुंडाळलेली असते आणि ती उणे २६९ अंश सेल्सियसच्या द्रव हेलियमने गार ठेवलेली असते. तिच्यात एकदा वीज सोडली की बाहेरचा पुरवठा तोडला तरी ती वर्षानुवर्षे फिरत राहते, कारण त्या तारेचा विजेला होणारा रोध शून्य असतो. अगदी कमी असे नव्हे, शून्य. याला अतिसंवाहकता म्हणतात. इथल्या शाळांत शिकलेल्या मुलामुलींना सुपरकंडक्टिव्हिटी हा शब्द जवळचा वाटेल, तोही चालेल.

मला आज लिहायचे आहे ते त्या तारेतल्या घाणीबद्दल. ती तार शुद्ध नसते. कारखान्यात ती तापवून, पुन्हा पुन्हा ओढून तिच्यात मुद्दाम दोष निर्माण करतात. चुंबकीय क्षेत्राच्या रेषा त्या दोषांत अडकून बसतात. त्या सुटून सरकू लागल्या तर रोध परत येईल. म्हणजे इथे घाण कामाची. पण हीच घाण वाढवत नेली आणि धातूचा थर पातळ करत गेले, तर एका टप्प्यावर पदार्थ चक्क उलटतो. जो विजेला काहीच अडवत नव्हता, तो तिला अजिबात पुढे जाऊ देत नाही. अतिसंवाहकाचा विसंवाहक होतो. हे कसे घडते ते समजून घ्यायला भौतिकशास्त्राला जवळजवळ शंभर वर्षे लागली आणि त्यावरचे भांडण अजून पुरते मिटलेले नाही. त्या भांडणाच्या कडेला, कचऱ्याच्या डब्याशेजारी, काही वर्षे मीही उभी होते. ते ओघात येईलच.

सुरुवात नेदरलँड्समधल्या लायडनची. हाइके कामरलिंग ओनेस यांनी जुलै १९०८ मध्ये तिथे हेलियम प्रथमच द्रवरूप केला आणि निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंशांच्या, उंबरठ्यावर जगात फक्त त्यांची प्रयोगशाळा पोचली. (या शून्यापासून मोजलेल्या अंशांना केल्व्हिन म्हणतात.) इतक्या थंडीत धातूंचे काय होते यावर तेव्हा मतभेद होते. खुद्द लॉर्ड केल्व्हिन यांचा अंदाज होता की इलेक्ट्रॉन जागच्या जागी गोठतील आणि वीज वाहणेच थांबेल. हा अंदाज लक्षात ठेवा. ओनेस यांनी प्लॅटिनम आणि सोने तपासले. रोध घटत जाई आणि एका पातळीला येऊन थांबे. सोने जितके शुद्ध तितकी ती पातळी खाली. तेव्हा सगळ्यात शुद्ध धातू कोणता मिळेल याचा त्यांनी शोध घेतला आणि पारा निवडला, कारण पारा पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून, म्हणजे उकळून त्याची वाफ परत थंड करून, हवा तितका शुद्ध करता येतो. ८ एप्रिल १९११ रोजी त्यांचे सहकारी गिलेस होल्स्ट यांनी मोजणी केली, आणि सुमारे ४.२ केल्व्हिनला पाऱ्याचा रोध एकदम नाहीसा झालेला दिसला.

शुद्धतेचा हा विजय वर्षभरच टिकला. १९१२ मध्ये लायडनमध्येच पाऱ्यात मुद्दाम सोने आणि कॅडमियम मिसळून पाहिले, तर रोध पहिल्यासारखाच नाहीसा! ऊर्ध्वपातनाचे ते सगळे कष्ट वाया गेले होते म्हणा ना. पुढची कित्येक दशके हे कोडे तसेच राहिले, कारण अतिसंवाहकता मुळात होते कशाने हेच कोणाला ठाऊक नव्हते.

ते उत्तर १९५७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर यांनी दिले. इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात हे आपण शाळेत शिकतो. पण धातूतल्या अणूंच्या कंपनांच्या मध्यस्थीने त्यांच्यात अगदी नाजूक आकर्षणही निर्माण होते आणि थंडीत त्यांच्या जोड्या जमतात. जोड्या जमणे ही अर्धीच गोष्ट. सगळ्या जोड्या एका तालात चालू लागतात, ही उरलेली अर्धी.

इथे मला गणपतीत आपल्या पार्किंग लॉटमध्ये होणारे लेझीम आठवते. (कार्यकारिणीने यात स्वतःला शोधू नये. मी इलेक्ट्रॉनांबद्दल बोलते आहे.) समजा, दोनशे मुले जोड्या करून लेझीम खेळत आहेत आणि सगळी एकाच ढोलावर. एखाद्याला ठेच लागली तरी तालाचा जोर इतका की तो मागे पडत नाही. एकट्यादुकट्या इलेक्ट्रॉनाला वाटेतला दोष थांबवू शकतो. सगळ्यांनी मिळून धरलेला ताल एक दोष मोडू शकत नाही. म्हणून रोध शून्य. उपमेत एक खोट आहे ती आधीच सांगते: जोडीतले दोन इलेक्ट्रॉन एकमेकांच्या शेजारी नसतात. त्यांच्या मधल्या जागेत इतर लाखो जोड्यांची ये-जा चाललेली असते. तरीही उपमा जपून ठेवा, पुढे लागेल.

आता या इतिहासातला मला सगळ्यात आवडणारा माणूस, फिलिप अँडरसन. न्यू जर्सीतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये काम करत असताना त्यांनी लागोपाठच्या दोन वर्षांत दोन निबंध लिहिले. १९५८ चा निबंध म्हणतो: पदार्थातली अव्यवस्था पुरेशी वाढली की इलेक्ट्रॉन तरंगाच्या रूपात पसरू शकत नाही, तो एका जागी कोंडला जातो. आदळून आदळून त्याचा वेग कमी होतो असे नव्हे. वाटच बंद होते. केल्व्हिन यांचा गोठलेला इलेक्ट्रॉन अगदी वेगळ्या दाराने परत आला होता. सुरुवातीला या निबंधाची फार थोड्यांनी दखल घेतली, पण १९७७ च्या नोबेलमध्ये त्याचा मोठा वाटा होता.

१९५९ चा निबंध ‘घाणेरड्या’ अतिसंवाहकांवर होता. हे विशेषण अँडरसन यांचेच. त्यात लायडनच्या कोड्याचे उत्तर होते. दोषांमुळे इलेक्ट्रॉनाची वाट वेडीवाकडी होते हे खरे, पण त्याच वेडीवाकड्या वाटेने अगदी उलट दिशेने जाणारा दुसरा इलेक्ट्रॉन नेहमीच सापडतो. जोडी त्या दोघांची जमते. वाट सरळ असण्याची जोडीला गरजच नाही. पार्किंग लॉटमध्ये खुर्च्या मांडून ठेवल्या तर जोड्या वळसे घेत खेळतील, पण खेळतील. अट एकच, अशुद्धी चुंबकी नको; ती मात्र जोडीतल्या दोघांना वेगवेगळे वागवते आणि फोडते.

एकाच माणसाचे हे दोन निबंध शेजारी ठेवून पाहा. एक म्हणतो, घाणीने इलेक्ट्रॉन कोंडला जातो. दुसरा म्हणतो, घाणीने जोडीला काही होत नाही. मग घाण इतकी वाढवली की इलेक्ट्रॉन कोंडलाच गेला, तर जोडीचे काय? हा प्रश्न त्या दोन निबंधांच्या मधल्या फटीत पडून होता, आणि प्रयोगशाळांत त्याची उत्तरे येत होती ती लोक टाकून देत होते.

म्हणजे मीही.

पुण्यात एम.एस्सी. करून १९७३ मध्ये मी अमेरिकेत आले आणि मध्यपश्चिमेतल्या एका विद्यापीठात पीएच.डी.ला लागले. काम पातळ थरांचे. काचेच्या मोठ्या हंडीतली हवा काढून टाकायची, बारीक बोटीत कथील तापवून त्याची वाफ करायची आणि ती काचपट्टीवर बसू द्यायची. मग पट्टी काढून, तारा जोडून, द्रव हेलियममध्ये सोडायची. थर चांगला बसला की थंडीत रोध नाहीसा व्हायचा. काही थर मात्र फारच पातळ, तुटक बसायचे; थंड करत गेले की त्यांचा रोध उलट वाढायचा. माझ्या वहीत त्यांच्यापुढे एकच शब्द आहे: खराब. मी पट्टी आम्लात धुऊन नवा थर चढवायची. हीच सगळीकडची रीत होती, त्यामुळे कोणी मला टोकले नाही आणि मी स्वतःला.

थर जितका पातळ तितकी अव्यवस्था प्रभावी, हे तसे जुनेच ज्ञान. सोव्हिएत संघात अलेक्सांद्र शाल्निकोव्ह यांनी १९३८ मध्येच अतिशीत काचेवर बसवलेले शिशाचे आणि कथिलाचे थर अभ्यासले होते. १९५४ मध्ये गटिंगेनच्या बुकेल आणि हिल्श यांनी बिस्मथ घेतला. बिस्मथ स्फटिकरूपात तर अतिसंवाहक मानलाच जात नव्हता. त्यांनी त्याची वाफ इतक्या थंड पट्टीवर बसवली की अणूंना रांगेत उभे राहायला सवडच मिळाली नाही, आणि हा विस्कटलेला बिस्मथ सुमारे ६ केल्व्हिनला अतिसंवाहक झाला! थर थोडा गरम होऊ दिला की अणू शिस्तीत बसत आणि अतिसंवाहकता जाई. अव्यवस्थेने अतिसंवाहकता नुसती सहन केली नव्हती, दिली होती. पुढे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन यांच्या गटाने दाखवले की शुद्ध स्फटिकी बिस्मथही अतिसंवाहक होतो, पण ०.०००५३ केल्व्हिनला. हा निबंध २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. शिस्तीतल्या आणि विस्कटलेल्या बिस्मथमध्ये दहा हजार पटींचा फरक आहे तर!

पण थर आणखी पातळ केला तर? लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवनमध्ये मायरन स्ट्राँगिन आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दाखवले की थर एकदोन अणूंच्या जाडीकडे नेला की अतिसंवाहकतेचे तापमान घसरत जाते. मी ‘खराब’ लिहीत होते तेव्हा हा निबंध ग्रंथालयात माझ्या टेबलापासून दोन मजल्यांवर होता. १९७९ मध्ये सिद्धांतानेही मोठी उडी घेतली. अब्राहम्स, अँडरसन, लिचियार्देलो आणि आपले टी. व्ही. रामकृष्णन (बिस्मथवाल्यांशी फक्त नावसाधर्म्य) यांनी असे मांडले की सपाट, द्विमितीय थरात निरपेक्ष शून्याला साधा धातू उरतच नाही. थोडीशी अव्यवस्थाही शेवटी इलेक्ट्रॉनला कोंडतेच. याचा अर्थ फार मोठा होता. पातळ थरापुढे दोनच पर्याय उरले: पूर्ण वाहणे किंवा पूर्ण थांबणे. दोन्हींच्या मध्ये साध्या धातूचे स्टेशनच नाही.

ते प्रत्यक्ष पाहिले १९८९ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात, डेव्हिड हॅव्हिलंड, यिंग लिऊ आणि अ‍ॅलन गोल्डमन यांनी. त्यांची युक्ती साधी होती आणि चिकाटी अचाट. थर करायचा, मोजायचा, पण बाहेर काढायचा नाही, गरमही होऊ द्यायचा नाही. त्याच थंडगार पोकळीत त्याच पट्टीवर बिस्मथचा आणखी एक कणभर थर चढवायचा, पुन्हा मोजायचे. ४ अँगस्ट्रॉमपासून ७४ अँगस्ट्रॉमपर्यंत. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. त्यांचा सगळ्यात जाड थरसुद्धा केसाच्या सुमारे दहा हजारावा भाग. पातळ थरांचा रोध थंडीत वर उसळत गेला, जाड थरांचा शून्याकडे कोसळला, आणि दोहोंच्या मधली सीमा साधारण ६,४५० ओहमच्या आसपास पडली. तो आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी एका छोट्या कॉलेजात शिकवत होते. वरच्या अर्ध्या भागातल्या रेषा मला ओळखीच्या होत्या. त्यांच्यासारख्या मी धुऊन टाकल्या होत्या.

६,४५० हा आकडा इतका महत्त्वाचा का? प्लँकच्या स्थिरांकाला इलेक्ट्रॉनच्या प्रभाराच्या वर्गाच्या चौपटीने भागले की तोच येतो. त्यात ना बिस्मथचे काही आहे ना काचेचे. चौपट येते ती जोडीमुळे: प्रभार दुप्पट, त्याचा वर्ग चौपट. म्हणजे सीमेवर वाहणारे जे काही आहे ते जोड्याच आहेत, असा तो इशारा होता. १९९० मध्ये मॅथ्यू फिशर यांनी हाच धागा धरून सिद्धांत मांडला. जोड्या सीमेपलीकडेही शाबूत असतात. मोडतो तो त्यांचा सामाईक ताल. लेझीमच्या मैदानात भिंती उभ्या केल्या असे समजा. प्रत्येक खोलीतल्या जोड्या आपापल्या ढोलावर खेळत आहेत, पण शेजारच्या खोलीतला ढोल ऐकू येत नाही. क्वांटमच्या जगात याला आणखी एक पेच आहे. एखाद्या खोलीत नेमक्या किती जोड्या आहेत हे पक्के ठरले की त्या खोलीचा ताल अनिश्चित होतो. ताल पक्का हवा तर जोड्यांना मोकळेपणी ये-जा करू द्यावी लागते. भिंती उंच झाल्या, ये-जा थांबली, संख्या पक्की झाली, ताल गेला. वीज थांबली.

दुसरा पक्षही भक्कम होता. मॉस्कोजवळच्या लँडाउ संस्थेचे अलेक्सांद्र फिंकेलश्टाइन यांनी १९८७ मध्ये दाखवले होते की अव्यवस्थेत इलेक्ट्रॉन एकमेकांना चुकवून जाऊ शकत नाहीत, त्यांच्यातले अपकर्षण वाढते आणि जोडी जमवणारे नाजूक आकर्षण त्यात बुडते. म्हणजे आधी जोड्याच फुटतात. ताल जातो तो नंतर, खेळायलाच कोणी नाही म्हणून. मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या थरांवरची मोजमापे या गणिताशी छान जुळली. १९९२ मध्ये जेम्स व्हॅलेस यांनी डाइन्स आणि गार्नो यांच्यासोबत बिस्मथच्या थरांत जोडी फोडायला लागणारी ऊर्जा मोजली, तर सीमेजवळ तीही शून्याकडे जात होती. जोड्या मरत होत्या. पहिल्या पक्षाला हा चांगलाच धक्का होता.

यानंतरचा एक महत्त्वाचा टप्पा कुलाब्यात गाठला गेला, आणि तो प्रयोगशाळेत नव्हे, संगणकावर. अमित घोसाल, मोहित रांदेरिया आणि नंदिनी त्रिवेदी यांनी १९९८ मध्ये टाटा संस्थेत हिशेब केला. पदार्थ सगळीकडे सारखाच मानायचा ही जुनी सवय त्यांनी सोडली आणि प्रत्येक बिंदूला आपापली अव्यवस्था असू दिली. उत्तर असे आले की अव्यवस्था वाढली की एकसंध अतिसंवाहक आपण होऊन बेटांत विभागतो. बेटांवर जोड्या टिकतात, बेटांमधल्या भागात जवळजवळ नाहीत. आणि जोडी फोडायला लागणारी ऊर्जा नाहीशी होत नाही! भिंती कोणी बांधायची गरज नव्हती. मैदानातल्या विखुरलेल्या खुर्च्यांमधूनच खोल्या तयार होत होत्या.

यानंतर प्रयोगांची रांग लागली. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत सांबंदमूर्ती, डॅन शाहार आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये इंडियम ऑक्साइडच्या थरांवर चुंबकीय क्षेत्र लावले. थर विसंवाहक झाला, त्याचा रोध प्रचंड वाढला, आणि क्षेत्र आणखी वाढवल्यावर रोध पुन्हा घसरला. यावर क्षणभर थांबा. चुंबकीय क्षेत्र जोड्या फोडते. जोड्या फुटल्यावर वीज अधिक सहज वाहू लागली, याचा अर्थ तिला अडवून धरणाऱ्या जोड्याच होत्या! जोडीला बेटावरून उडी मारता येत नाही, आणि एकट्या इलेक्ट्रॉनला जायचे तर आधी जोडी फोडण्याची किंमत मोजावी लागते. ज्या बंधनाने एका बाजूला रोध शून्य केला होता, त्याच बंधनाने दुसऱ्या बाजूला तो गगनाला नेला.

आणि २००७ मध्ये ब्राउन विद्यापीठातून आलेला निबंध पाहून मी घरात एकटीच हसले. बिस्मथच्या थराला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नियमित भोके ठेवली होती. थर विसंवाहक होता, तरी चुंबकीय क्षेत्र बदलत नेले की त्याचा रोध ठरावीक अंतराने वरखाली होत होता, आणि ते अंतर दुप्पट प्रभाराचे होते. विसंवाहकात जोड्या जिवंत होत्या. गटाचे प्रमुख? जेम्स व्हॅलेस. पंधरा वर्षांपूर्वी बिस्मथमध्ये जोड्या मरताना मोजणारे तेच. दोन्ही मोजमापे बरोबर होती. सलग थर आणि भोकांचा थर वेगळे वागत होते. एखाद्या शास्त्रज्ञाबद्दल यापेक्षा चांगले काय सांगता येईल, मला माहीत नाही.

२०११ मध्ये बेंजामिन सासेपे आणि सहकाऱ्यांनी टनेलिंग मायक्रोस्कोपची सुई इंडियम ऑक्साइडवरून फिरवली, तेव्हा जोड्यांची खूण सगळीकडे आणि तालाची खूण फक्त ठिकठिकाणी, असे चित्र दिसले. त्याच सुमारास कुलाब्यात प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने निओबियम नायट्राइडच्या अतिशय अव्यवस्थित थरांत पाहिले की अतिसंवाहकता संपते त्या तापमानाच्या वरही जोड्यांची खूण रेंगाळते. फिशर यांचा पक्ष जिंकला, असे म्हणायचा मोह होतो. पण मॉलिब्डेनम-जर्मेनियम अजून फिंकेलश्टाइन यांच्याच बाजूला आहे, आणि ६,४५० ओहमचा तो देखणा आकडाही सगळ्या पदार्थांत मिळत नाही. कुठे सीमा त्याच्या वर पडते, कुठे खाली. माझे मत विचाराल तर वाटा दोन आहेत आणि कोणता पदार्थ कोणत्या वाटेने जाईल हे आधी सांगणारा सिद्धांत अजून आपल्याकडे नाही. तरुण वाचकांपैकी कोणी फिजिक्स करत असेल तर ही जागा रिकामी आहे.

गेल्या हिवाळ्यात तळघर आवरताना ती जुनी वही सापडली. कथिलाचे एकोणीस थर ‘खराब’. प्रत्येकाचे चार-पाच तापमानांचे आकडे तेवढे आहेत. मी आलेखाचा कागद काढला, चष्मा लावला आणि दुपारभर ते मांडत बसले. रेषा वर जाताना दिसतात. पण त्यांतून काहीही सिद्ध करता येत नाही, कारण थर किती जाड होता हे एकोणीसपैकी एकाही पानावर मी लिहून ठेवलेले नाही.